तोंडातले खिळे

सोफे दुरुस्त करणारा माणूस एका हातात हातोडी धरतो, दुसऱ्या हाताने कापड ताणतो. मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने उचलायचा, ठोकायचा. कोणी हाक मारली तर बोट वर करायचं, म्हणजे थांबा. मग खिळे हातावर काढायचे आणि बोलायचं. थुंकायचे नाहीत. जमिनीवरचा खिळा पायात घुसतो, आणि तो पाय बहुतेक वेळा बायकोचा असतो.

एवढं लक्षात ठेवलं की पुढची गोष्ट सरळ आहे. सांगणारेच तीन आहेत, त्याला इलाज नाही.

ज्याने खोटा फोन केला, त्या फोनवाल्याचा वकील सांगतो ती अशी.

माझा अशील तरुण आहे. मोबाइलवरच्या खेळात हरला, हरवणाऱ्याशी बाचाबाची झाली. रागाच्या भरात त्याने आणीबाणीच्या नंबरवर फोन केला आणि त्या माणसाचा पत्ता देऊन सांगितलं, इथे एकाने बायकोला कोंडलंय, हातात हत्यार आहे. थट्टा होती, वाईट होती, कबूल. पण तो माणूस ते घर कधीच सोडून गेला होता आणि तिथे एक सोफेवाला राहत होता, हे अशिलाला ठाऊक नव्हतं. त्याने सोफेवाल्याला कधी पाहिलं नाही, बोट लावलं नाही. फोनने का माणूस मरतो?

पोलिसांच्या बंदूकवाल्या तुकडीचा साहेब सांगतो ती अशी.

दार उघडंच होतं. आत माणूस, हातात हत्यार. आम्ही ओरडलो, बोल, कोण आहेस. बोलला नाही. हत्यार टाक म्हटलं, टाकलं नाही. उलट दुसरा हात झटकन तोंडाकडे नेला. कळवलं होतं तसंच सगळं दिसलं. आम्ही खबरीवर चालतो. खबर खोटी असेल तर पाप खबर देणाऱ्याचं.

आणि सोफेवालीने पाहिली ती अशी.

दुपारची वेळ. ती आतल्या खोलीत मशीनवर खोळ शिवत होती आणि नवऱ्याला टोमणे मारत होती, कारण त्याने गिऱ्हाइकाला निळ्याऐवजी हिरवं कापड लावलं होतं. नवरा प्रत्येक टोमण्याला बोट वर करत होता. ती शेजारणींना नेहमी सांगायची, आमचा संसार टिकला तो ह्यांच्या तोंडात खिळे असतात म्हणून. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. तिने मशीन थांबवलं आणि ती आतल्या खोलीच्या दारात आली. नवऱ्याने सवयीने हातोडीच्या हाताचं बोट वर केलं. थांबा. मग दुसरा हात तोंडाशी नेला. खिळे काढायला.

गोळी लागली.

खिळे मुठीत होते. जमिनीवर एकही पडला नव्हता.

फोनवाल्यावर खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकील घरी येऊन बसले, अर्ध्या शिवलेल्या सोफ्यावर. म्हणाले, बाई, साक्षीत फोनपुरतं बोला. खिळ्यांचं काढलंत, तर समोरचा म्हणेल की मृत्यू पोलिसांच्या घाईने झाला, फोनने नाही. मग तो खोट्या खबरीचा दंड भरून घरी जाईल.

तिने विचारलं, आणि ज्याने गोळी घातली तो?

त्याचं वेगळं बघू, असं ते म्हणाले. बघू म्हणजे काय, ते तिला कळत होतं. गिऱ्हाईकही पैसे देताना बघूच म्हणतं.

दिराने समजूत काढली. "वहिनी, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नका. एक तरी आत जाऊ दे."

"भाऊजी, तुमचा भाऊ अर्धा मेला असता तर मी अर्ध्यावर भागवलं असतं."

पुढे आठवडाभर दीर तिच्याशी जेवणापुरतंच बोलला.

कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली. फोनवाला समोर होता, इस्त्रीचा शर्ट, नजर बुटांवर. तुकडीचा साहेब साक्ष देऊन मागच्या बाकावर बसला होता. सरकारी वकिलांनी फोनपुरतं विचारलं, तिने फोनपुरतं सांगितलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग फोनवाल्याचा वकील उठला, आवाजात साखर घोळून म्हणाला, "तुमच्या यजमानांनी विचारल्याबरोबर उत्तर दिलं असतं, तर आज ते जिवंत असते. खरं ना?"

सरकारी वकिलांनी तिच्याकडे पाहून हळूच मान हलवली. एवढंच म्हणा, माहीत नाही.

तिने रुमालाची गाठ सोडली, मूठभर बारीक खिळे काढले आणि तोंडात टाकले.

कोर्टात कुजबुज उठली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, उत्तर द्या."

तिने बोट वर केलं.

दारातल्या शिपायाचा हात कमरेकडे गेला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तिथेच थबकला. मागच्या बाकावरचा साहेब खाली बघू लागला. तिने हात तोंडाशी नेला. एकेक खिळा काढून पिंजऱ्याच्या कठड्यावर मांडला, घाई न करता, नवरा काढायचा तसा. वरचा पंखा फिरत होता. कोणी गोळी झाडली नाही.

"एवढाच वेळ लागतो," ती म्हणाली. "एवढाच द्यायचा होता."

"म्हणजे चूक पोलिसांची," वकील पटकन म्हणाला. "माझ्या अशिलाची नाही."

"तुमच्या अशिलाने बंदुका माझ्या दारात आणल्या. माणूस ओळखीचा नव्हता म्हणता. अनोळखी माणूस कमी मरतो का? आणि त्या साहेबांना फोनने सांगितलं, पण डोळे तर स्वतःचे होते. एकाचा गुन्हा लिहिला म्हणून दुसऱ्याचा पुसला जात नाही. दोघांचा लिहा."

सरकारी वकिलांनी कपाळाला हात लावला. दीर पहिल्यांदाच ताठ बसला.

"साक्षीदार विचारलं त्यापलीकडे बोलतेय," फोनवाल्याचा वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाला. "एवढं पुरे."

सोफेवालीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बोट वर केलं.