सुनेच्या खोलीतला उजेड

"माझी पणजी सुईण, आजी मोडलेली हाडं बसवणारी आणि आई इस्पितळातली मुख्य परिचारिका. आमच्या घराण्यातल्या बाईला दारावर कुणी अडवलेलं नाही. तू पहिलाच," सासूबाईंनी प्रयोगशाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला ऐकवले.

"अडवत नाही हो आजी. पास तेवढा..."

"पास माझ्या सुनेकडे आहे. आणि ती तुझ्या साहेबांची साहेब आहे. उद्यापर्यंत."

सुनेने पास पुढे केला.

उद्या सून निवृत्त होणार होती आणि तिची खोली दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होती. म्हणूनच सकाळी चहाचा कप खाली ठेवताठेवता सासूबाईंनी फर्मान काढले होते, आज मला तिकडे न्यायचं. "आता नेऊन काय दाखवू तुम्हाला?" असे सून म्हणून गेली आणि तिने जीभ चावली. सासूबाईंची दृष्टी जाऊन काही वर्षे लोटली होती.

पण सासूबाईंचे सुनेकडचे येणे त्याहून जुने होते. थोरला नातू रांगत असताना सुनेला ह्या नोकरीचे बोलावणे आले, तेव्हा घरातले सगळे गप्प बसले. बोलल्या त्या एकट्या सासूबाई. "पोर मी बघते, तू जा. फक्त दिवसभर तिथे काय करतेस, ते मला कळेल असं एकदा दाखवायचं. तेवढं माझं तुझ्याकडे येणं." पुढे नातवंडांचे गोवर, परीक्षा, लग्ने, सारे त्यांच्याच हाताखालून गेले. चारचौघींत त्यांनी सुनेचा तोरा मिरवला; पण कुणी "म्हणजे नक्की काय करते हो ती?" असे विचारले, की त्या पाणी आणायला उठत. ज्यासाठी अर्धे आयुष्य खर्ची घातले ते काय होते, हे न कळताच जगाचा निरोप घ्यायचा, हे त्यांच्या मानी स्वभावाला मुळीच मंजूर नव्हते.

खोली थंड होती. सुनेने त्यांना स्टुलावर बसवले आणि त्यांची बोटे एका बारीक खाचांच्या स्क्रूवर ठेवली.

"समोर लेझरचा दिवा आहे. इतका मंद केलाय, की एका वेळी प्रकाशाचा जेमतेम एक कण सुटतो. पुढे दोन फटी, केसाएवढ्या. त्यांच्यापलीकडे माझं यंत्र. कण पोचला की ते वाजतं. तुम्ही स्क्रू फिरवला की यंत्र बाजूला सरकेल."

टक्. टक् टक्. सासूबाईंनी तोंड चटकन भिंतीकडे वळवले.

"काय झालं, आई?"

"तुझा नवरा सांगत असतो ना, बघितलं की ह्या कणांचं बिनसतं म्हणून. माझ्यापायी तुझं काम नको बिघडायला."

सून हसली नाही, हे त्यांना तिच्या श्वासावरून कळले. "इकडे वळा. तुमच्या-माझ्या नजरेला कण भीक घालत नाही. फिरवा."

त्यांनी स्क्रू फिरवला. टकटक दाट झाली, विरळ झाली, जवळजवळ थांबली. पुन्हा दाट झाली.

"मध्येच गप्प का?"

"तिथेच तर मेख आहे. एकच फट उघडी असली तर त्या जागीही वाजतं. दुसरी उघडली की थांबतं."

"वाट वाढवली आणि येणारे घटले? आणि कण तर एकटा. दुसरी फट उघडी आहे, हे त्याला सांगतं कोण?"

"तो दोन्ही वाटांनी आल्यासारखा वागतो. पोचतो मात्र एकाच जागी, सबंध. आता थांबा हं." काहीतरी हलके सरकल्याचा आवाज झाला. "दोन्ही फटींवर काचा लावल्या. एकीतून आला तर कणावर उभी खूण, दुसरीतून आला तर आडवी. फिरवा."

सासूबाई फिरवत राहिल्या. आता टकटक सगळीकडे सारखीच होती.

"गप्प जागा कुठे गेल्या?"

"गेल्या."

"पण त्या खुणा बघतंय कोण?"

"कुणीच नाही. कुलूप लावून आपण घरी गेलो तरी हेच. कुठल्या वाटेने आला ते कळण्यासारखं काही मागे राहिलं, एवढं पुरतं."

"म्हणजे सासू घरात नसली तरी तिची चप्पल दारात दिसली की सून नीट वागते, तसं."

"जवळपास. फक्त चप्पल बघायला सून लागते. इथे तीही लागत नाही."

सासूबाई मनापासून हसल्या. मग त्यांचा हात थांबला. "बरं, दोन वाटांचा गडी एका टक् मध्ये येतो, हे ठरतं कधी? फटीत, यंत्रात, की माझ्या कानात?"

"ते माहीत नाही, आई. मलाच काय, जगात कुणालाच पक्कं माहीत नाही. ज्याचं त्याचं मत आहे आणि भांडणं चालू आहेत."

"मग हे इतकी वर्षं मला दाखवलं का नाहीस?"

"उत्तर हाती लागलं की दाखवू म्हणून थांबले. अर्धवट काय दाखवायचं तुम्हाला?"

"वेडी आहेस. मी काय उत्तर मागितलं होतं?"

सासूबाईंची पाठ ताठ झाली. नवऱ्याच्या नावापुढे किंवा मुलाच्या पगारापुढे ती कधी एवढी ताठ झाली नव्हती. न सुटणाऱ्या प्रश्नासमोर रोज सकाळी डबा घेऊन जाऊन बसणारी आणि संध्याकाळी त्याबद्दल चकार शब्द न काढता भाजी निवडणारी बाई त्यांच्या घरातली होती.

"काचा काढ," त्या म्हणाल्या.

सुनेने काचा काढल्या. सासूबाईंनी स्क्रू सावकाश फिरवत नेला आणि टकटक जिथे विझली, तिथे हात थांबवला. कुणी न सांगता ती जागा त्यांनी स्वतः शोधली होती.

"फिटलं गं तुझं," त्या म्हणाल्या. "काही राहिलं नाही."

सून त्यांच्या शेजारी येऊन बसली. बऱ्याच वेळाने कुठूनसा एक चुकार टक् वाजला. दोघींनीही तो ऐकला.