उपाशी रॅपरची आई

मरणोत्तर आलेल्या त्या रॅप अल्बमने एका अख्ख्या पिढीला भुकेचा अर्थ शिकवला, असं जाणकार म्हणतात. रॅपरच्या आईला हे साफ नामंजूर होतं. ‘उपाशीपोटी झोपलो’ हे गाणं गाजल्यापासून शेजारणी तिच्याकडे संशयाने बघायला लागल्या होत्या. त्यात आज दोन चाहते पिठाची पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

“मावशी, तुमचे हाल आम्हाला ठाऊक आहेत,” एकजण डोळे पुसत म्हणाला.

“कसले हाल रे? तिसऱ्यांदा वाढल्याशिवाय पाटावरून उठायचा नाही माझा लेक!”

“पण गाण्यात तर...”

“गाण्यात काय, यमक जुळलं की झालं! नाव माझं खराब!”

अजून कुणाला देववली नव्हती ती लेकाची पँट तिने आतून आणली आणि दोघांपुढे धरली.

कंबर चव्वेचाळीस होती.