खरवडणारा हात

आरेखकाने टाकीच्या तोंडातून डोकं आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं. नाकाला ओला रुमाल बांधला होता, तरी घशाशी आलं. कातड्याची छाटणं आणि हाडं उकळून सरस काढला, की मागे राहणारा चिकट, कुजका थर टाकीच्या भिंतींना बोटभर धरत असे. मग दोराने माणूस आत सोडून तो खरवडून घ्यायचा. आज माणूस उतरला नव्हता. आरेखकाने बसवलेला स्प्रिंगचा हात आत गोल फिरला होता आणि भिंत घासलेल्या ताटासारखी निघाली होती.

"नाव काढलंत, पट्टी!" मालक म्हणाले. खिशात कायम पट्टी असल्यामुळे कारखान्यात त्याला सगळे याच नावाने हाक मारत.

ऑफिसात पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाई नकाशे चाळत होत्या.

"अर्ज परवा दाखल करू. तोवर बाहेरच्या कुणाला हे दिसता कामा नये. एकदा चारचौघांत उघड झालं की ते नवं राहत नाही. मग पेटंट विसरायचं."

आरेखकाने मान हलवली. थोडा वेळ पट्टीशी चाळा करून त्याने विचारलं, "बाकीच्या टाक्यांना कधीपासून बसवू?"

"बसवायचा कशाला?" मालकांनी क्रीमचं बिस्कीट उकललं आणि आतलं क्रीम जिभेने सावकाश खरवडलं. "माणसं आहेत की उतरायला. पण समोरच्या कारखान्याचा मालक भोळसट आहे, तो उद्याच बसवेल. मग तपासणीवाले आपल्याही डोक्यावर बसतील. पेटंट आपल्या नावावर झालं की दुसरं कुणी बसवणार नाही आणि कुणी विचारणार नाही."

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात क्रीमचा पांढरा ठिपका राहिला. आरेखकाने नजर खिडकीकडे वळवली. गळ्यातला ओला रुमाल त्याने पुन्हा नाकावर ओढला.

संध्याकाळी तो साडूकडे गेला. साडू समोरच्याच कारखान्यात टाक्या खरवडायचा. मागच्या खेपेला आत बेशुद्ध पडला होता, दोराने ओढून काढला होता.

"या, साडूभाऊ! वाऱ्याच्या बाजूने बसा, म्हणजे चहा तरी पोटात राहील," साडू न्हाणीतून ओरडला.

"तिसरी आंघोळ चाललीय," मेहुणी म्हणाली. "साबण संपतो, वास काही संपत नाही."

साडू टॉवेल गुंडाळून समोर येऊन बसला. धाकट्या लेकीने नाक दाबलं आणि बापाची चहाची कपबशी एका बोटाने पुढे सरकवली. साडू मोठ्याने हसला. आरेखकही हसायला गेला, आणि आपणही मघापासून श्वास रोखून बसलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. त्याला स्वतःचीच किळस आली. त्याने मुद्दाम छातीभर श्वास घेतला.

"तुमचा मुकादम उद्या पाळीवर आहे का?"

"आहे. का हो? माझी बदली करताय?"

"जेवणाच्या सुट्टीत त्याला मधल्या गल्लीत घेऊन या. बाकीच्यांनाही."

दुसऱ्या दिवशी दुपारचा भोंगा झाला तेव्हा आरेखक दोन कारखान्यांमधल्या गल्लीत भिंतीशी उभा होता. हातात खडू होता. चार माणसांपुढे तोंड उघडताना ज्याला घाम फुटे, तो आज भिंतीवर टाकीचा आकार काढत खड्या आवाजात बोलत होता. इथे दांडा, इथे पातं, इथे स्प्रिंग. मापं लिहिली. साडूचा मुकादम ती उतरवून घेऊ लागला.

"म्हणजे आत उतरायचं नाही?" मागून एकाने विचारलं.

"नाही."

"मग आम्ही करायचं काय?" साडू म्हणाला. "बायकोला तोंड दाखवायचं?"

गल्लीत हशा पिकला. त्यातच मालकांच्या गाडीचा हॉर्न वाजला. गर्दी हटेना, तेव्हा मालक स्वतः खाली उतरले. भिंत बघून त्यांचा चेहरा उतरला.

"पट्टी! कुणाला विचारून? उद्यापासून येऊ नकोस. अरे शिपाई, बादली आण, पुसून काढ ते!"

शिपाई धावला. आरेखकाने पट्टी लावून शेवटची रेघ ओढली.

गाडीत मागे बसलेल्या वकीलबाई खाली उतरल्या नाहीत. त्यांनी भिंत वाचली, खडूच्या रेघांपुढे दाटलेली माणसं पाहिली, वास येऊ नये म्हणून काच वर केली, आणि मांडीवरची पेटंटची फाइल बॅगेत घालून ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला सांगितली.