गोड आवाजाची धास्ती

वेल्डरची एकच तक्रार होती, की इथली माणसं फार गोड बोलतात.

दारू सुटावी म्हणून थोरल्या बहिणीनं त्याला मानगूट धरून ह्या दवाखान्यात आणून टाकलेला. हात थरथरायचे थांबले, भूक परत आली, पण भीती मात्र भलतीच वाढली. दार वाजलं की दचक, चमचा पडला की दचक. उंच तुळईवर पाय सोडून जोडकाम करणारा गडी, आणि इथं चमच्याला घाबरतोय! त्याची त्यालाच किळस यायची.

त्यात रविवारी पोरगी भेटायला येणार होती. गेल्या खेपेला असाच उपचार अर्ध्यावर असताना ती जवळ बसून हळूच म्हणाली, "बाबा, घरी ये ना," आणि हा जो उठला तो थेट गुत्त्यात. बायको गेल्यापासून पोरगी बहिणीकडेच. बहिणीनं स्वच्छ सांगितलेलं, "ह्या वेळी तिला टाकून उठलास, तर पुन्हा आणायची नाही मी तिला. तमाशा आहे का?"

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बोटांना तारा लावल्या. पडद्यावर निळा चौकोन आला की करंटचा चिमटा, पिवळा आला की काही नाही. पुढे निळ्याचाही चिमटा बंद करायचा आणि भीती उतरते का ते बघायचं.

"एवढासा करंट?" वेल्डर हसला. "बाई, ह्यापेक्षा जास्त मी चहाबरोबर खातो."

निळा आला, चिमटा बसला. पिवळा आला. मागून बाईंचा मऊ आवाज, "छान. अगदी छान." वेल्डरच्या पाठीवरून घामाची धार लागली. चिमटा केव्हाच बंद झाला, तरी काळीज धडधडतंच. पिवळ्यालासुद्धा!

"आता काही होत नाही, हे ह्यांच्या अंगाला कळत नाहीये," बाई डबा घेऊन आलेल्या बहिणीला म्हणाल्या. "दारूनं तसं होतं. लहानपणी मार खाल्लेल्यांचंही होतं. ह्यांचे वडील कसे होते?"

"आमचे वडील?" बहीण नाकानं हसली. "देवमाणूस! गल्लीत कुणालाही विचारा. कधी आवाज चढवला नाही. 'ये राजा, छान बस इथं' म्हणायचे, कडी घालायचे, रेडिओ मोठा करायचे आणि पाइपच्या तुकड्यानं ह्याला सोलून काढायचे. गाण्याचे फार शौकीन."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी मागून 'छान, छान' म्हणत होते, तेव्हा..."

"तेव्हा हे घोडं मार कधी पडतो त्याची वाट बघत होतं."

वेल्डर मान खाली घालून बसला. बाप जाऊन इतकी वर्षं झाली, आणि म्हातारा अजून पोरीच्या तोंडून हाक मारतोय! काय चिवट जात! आणि आपण शहाणे, त्याला दारूत बुडवायला निघालो होतो. बुडतोय कसला? पाजून पाजून गुटगुटीत केला त्याला.

"मग काय, सगळ्यांनी शिव्या द्यायच्या का मला?" तो खेकसला.

"मी देतेच आहे," बहीण म्हणाली.

"गोड आवाज ऐकायचा आणि उठायचं नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा. मार पडत नाही, हे अंगाला पटेपर्यंत. वेळ लागेल."

रविवारी पोरगी आली. आवारातल्या बाकावर त्याला चिकटून बसली. बहीण फाटकाकडे पाठ करून उभी, पोलीस उभा असावा तशी.

"बाबा," पोरगी हळूच म्हणाली.

गुत्त्याचा जवळचा रस्ता पायांना तोंडपाठ होता.

"जरा रागावून बोल ना माझ्याशी," तो म्हणाला.

"का? तू काय केलंस?"

"राहू दे. बोल तुला येतं तसं."

"माझा दात हलतोय. बघ ना, बाबा."

त्यानं बाकाची फळी गच्च धरली आणि बघितलं. दात हलत होता. पोरीनं त्याचा हात फळीवरून सोडवून आपल्या हातात घेतला.

"ई! शी! केवढा चिकट!"

तिनं तो घामेजलेला हात फ्रॉकला खसाखसा पुसला आणि परत धरला. वेल्डर जागचा हलला नाही.