नीतीचे तीन तास

सोळा तासांपैकी यर खांगचे तेरा भरले होते. उरले होते ते तीन, आणि तेच नेमके नीतीचे.

कोर्टात दुभाषी म्हणून उभं राहायचं तर दर दोन वर्षांनी सोळा तास पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसावं लागतं. बावीस वर्षं यर हे बिनबोभाट करत आली होती. औषधांची नावं, बंदुकांचे भाग, घरभाड्याचे कज्जे, जे शिकवतील ते ती वहीत उतरवून घ्यायची. पण या खेपेला नीतीच्या वर्गाला तिनं दोनदा नाव घातलं आणि दोनदा काढून घेतलं. एकदा गुडघ्याचं निमित्त, एकदा बर्फाचं. सेंट पॉलसारख्या बर्फाच्या शहरात चाळीस हिवाळे काढलेल्या बाईनं बर्फाचं निमित्त सांगावं, म्हणजे ऐकणाऱ्याला काय ते कळतंच.

आज डिसेंबरातला तिसरा शनिवार. वर्षाचा शेवटचा वर्ग. हा चुकला की एकतीस तारखेला यादीतून नाव जाणार, आणि एकसष्टाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं बळ तिच्यात नव्हतं. नवरा, न्हिया, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. दिवसभर तोंडातून जे काही निघे ते कोर्टात, आणि तेही दुसऱ्याचं. ते थांबलं तर घरी भिंतींशी काय बोलायचं?

"आत्या, इकडे! जागा धरलीय तुमच्यासाठी."

हाक मारली ती गाउनूनं. तिशीची पोरगी, तीही खांग, एकाच कुळातली म्हणून यर तिची आत्या. गेल्या वर्षीच परवाना मिळालेला. तिच्या तोंडून त्यांची मायबोली हमोंग ऐकली की यरला मायक्रोवेव्हमधला भात आठवायचा. वरून वाफा, आत गार. हे तिनं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. गाउनू तेव्हा हसली होती, पण पुढे आठवडाभर तिनं फोन केला नव्हता.

पुढच्या बाकावरून सोमाली दुभाषी वारसामे वळला. "यरताई, शेवटच्या शनिवारी? घरातली नीती संपली वाटतं, भरून न्यायला आलात?"

"तुला उसनी देऊन देऊन संपली रे बाबा."

बावीस जण हसले. बावीस जणांची दहा भाषा असतील, पण हसणं एकच.

ऑकरलंड बाई शिकवायला आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, लोकरीचे मोजे घालून वर्गात फिरणाऱ्या. फळ्यावर त्यांनी तेच लिहिलं जे दर दोन वर्षांनी लिहीत: घालायचं नाही, गाळायचं नाही, बदलायचं नाही. यरला ते तिच्या आईच्या गाण्यातल्या जोडओळींसारखं पाठ होतं. आज मात्र मधल्या ओळीवरून तिनं नजर काढून घेतली.

"आता दोघा-दोघांनी पुढे यायचं," बाई म्हणाल्या. "एकानं आपल्या भाषेत सांगायचं, हा नियम पाळणं मला कधी जड गेलं. दुसऱ्यानं ते इंग्रजीत आणायचं. दहा मिनिटं. घडलेलं सांगा. आणि हा भाग झाल्याशिवाय मला तीन तासांवर सही करता येत नाही, तेव्हा लाजू नका."

वारसामेनं एका साक्षीदाराची गोष्ट सांगितली. त्यानं न्यायाधीशाला उंटाच्या कुठल्याशा अवयवाची उपमा दिली होती आणि ती वारसामेला न्यायाधीशाच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगावी लागली होती. वर्ग लोळायचा बाकी राहिला.

यरनंही असलंच काहीतरी मनात जुळवून ठेवलं होतं. कोंबडा चोरल्याचा खटला, आरोपी म्हातारी, कोंबड्यासारखं आरवून दाखवणारी. सगळं बनवलेलं. ती उठून पुढे गेली. शेजारी गाउनू वही उघडून, पेन्सिल टेकवून बसली. मान जरा कलती, श्वास धरलेला. यरनं तिच्याकडे पाहिलं. अशी तयारीनं बसलेली दुभाषी तिनं आजवर कधी बाहेरून पाहिलीच नव्हती. आपण जे बोलू ते ही पोरगी उचलणार, अक्षर न् अक्षर, आपल्या तोंडात घेणार. तिच्या तोंडात खोटं कसं घालायचं?

"गेल्या वर्षी नोव्हेंबरात," यर म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला, "माझ्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं. दुभाषी यायचा होता, त्याची गाडी बर्फात अडकली. डॉक्टर म्हणाले, थांबू या. मी म्हटलं, थांबायचं कशाला, मी दुभाषीच आहे. ओळखपत्रसुद्धा दाखवलं."

गाउनूनं ते इंग्रजीत सांगितलं. गेल्या वर्षी नोव्हेंबरात माझ्या नवऱ्याला. बोलणाऱ्याचं 'माझ्या' ते 'माझ्या'च, नियमाप्रमाणे. तरणा, स्वच्छ आवाज.

"डॉक्टर म्हणाले, काळीज गेलंय. उपाय नाही. तीन महिने, फार तर चार. मग माझ्याकडे वळून म्हणाले, सांगा त्यांना."

हमोंग माणसाचं सगळं सुखदुःख काळजात, म्हणजे यकृतात राहतं. रागही तिथेच, मायाही तिथेच. तेच गेलंय, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात, औषध वेळेवर घ्या, भात मऊ खा. तो म्हणाला, 'टोऊची आई, एवढा वेळ बोलला हा, आणि एवढंच?' मी म्हटलं, इंग्रजी लांबडीच असते."

पेन्सिल थांबली होती. "दुभाषीला क्षणभर थांबायचं आहे," गाउनू हळूच म्हणाली, अगदी कोर्टात म्हणतात तसं. पाण्याचा घोट घेतला. मग भात मऊ खा, हेही तिनं सांगितलं. इंग्रजी लांबडीच असते, तेही. काही गाळलं नाही. कुणी हसलं नाही.

"सव्वीस वर्षं त्यानं खिडक्यांच्या कारखान्यात काढली होती. तीन म्हणजे किती आणि महिना म्हणजे काय, एवढं त्याला कळत नसेल? हे माझ्या डोक्यात आलं तो गेल्यावर. त्या हिवाळ्यात त्यानं मला बर्फ उडवायचं यंत्र चालवायला शिकवलं. मी म्हणायची, तू आहेस की. तो म्हणायचा, शिकून ठेव. बियाण्यांच्या बाटल्यांवर नावं लिहिली, मोहरी, काकडी, कडू वांगी. एकेका भावाच्या घरी जाऊन जेवून आला. पण मला म्हणून काही बोलला नाही. माझ्या तोंडून ते वदवायला नको, म्हणून त्यानं गुपित पाळलं. मी बावीस वर्षं कोर्टाला सांगत आले, चूक झाली, नोंद दुरुस्त करा. ही चूक कुणापुढे दुरुस्त करू? ज्याचं वाक्य गाळलं, तो माणूसच नाही."

ती थांबली. मग तेच सगळं दुसऱ्यांदा खोलीत आलं, गाउनूच्या तोंडून. एक जुना शब्द तिला सापडेना, तिनं यरकडे वळून अर्थ विचारला, वहीत लिहिला, आणि मगच पुढे गेली. यर ऐकत राहिली. वर्षभर जे तिनं एकटीनं उचललं होतं ते आता दुसरं कुणीतरी दोन्ही हातांनी धरून चाललं होतं, न सांडता. तिचे खांदे आपोआप खाली आले.

ऑकरलंड बाई पुढे आल्या. खुर्ची ओढून त्या यरसमोर बसल्या.

"घरच्या माणसाला दुभाषी करू नये, हे मी कधीपासून शिकवते आहे," त्या म्हणाल्या. "चुका होतात म्हणून, असं सांगत आले. पण नियम तुम्हाला पकडायला नाही केलेला, यर. तुम्हाला नवऱ्याचा हात धरून नुसतं बसता यावं म्हणून केलाय. त्या दिवशी तो दुसरा दुभाषी तुम्हा दोघांनाही मिळायला हवा होता."

"मी दुभाषी म्हणून चुकले," यर म्हणाली.

"हो, चुकलात," बाई म्हणाल्या. "आणि त्यांनी तुम्हाला सांभाळून घेतलं. दोन्ही खरं."

चुकलात, हे एवढं स्वच्छ कुणी म्हणेल म्हणून ती दोनदा पळाली होती. आता ऐकलं तर बोचलं नाही. न्हियानं सांभाळून घेतलं, हेच तेवढं कानात राहिलं. तीन महिने नव्हे, पुरते पाच. तेवढे दिवस त्यानं तिला रडू दिलं नव्हतं. कळूनही तो बोलला नाही, याचा तिनं रागच धरला होता. आभार मानायचे राहूनच गेले होते.

बाईंनी तक्त्यावर सही केली. तीन तास. यर मात्र जागेवरून उठेना.

कोर्टात दुभाष्याचे आभार कुणी मानत नाही. खटला संपला की सगळे एकमेकांचे हात हातात घेतात आणि दुभाषी आपला कोट चढवून निघतो. बावीस वर्षांत तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. पण आज ती बोलणारी होती, आणि बोलणाऱ्याला आभार मानायची मुभा असते. ती गाउनूकडे वळली आणि हमोंगमध्ये म्हणाली, "पोरी, तू माझं सगळं नीट नेलंस. मी तुझी ऋणी आहे."

गाउनूचे डोळे भरले होते. पण हातात वही होती आणि दहा मिनिटं अजून संपली नव्हती. तिनं वर्गाकडे तोंड केलं आणि इंग्रजीत म्हणाली, "पोरी, तू माझं सगळं नीट नेलंस. मी तुझी ऋणी आहे."

वर्गात खसखस पिकली. वारसामेनं बाकावर थाप मारली. "आपलीच स्तुती, तीही आपल्याच तोंडानं! शाब्बास!"

यरच्या ओठाच्या कोपऱ्यात कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. ती पुन्हा बोलली, सावकाश, कोर्टात सांगावं तशी तुकड्या-तुकड्यानं. "तुझ्या भाषेला मी नावं ठेवली, ते मी मागे घेते. मात्र तुला मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मांस रांधता येत नाही, आणि तुझ्या आईनं ते शिकवलं नाही, हे मागे घेत नाही. दर सोमवारी माझ्याकडे यायचं. जुने शब्द शिकायचे आणि पोटभर जेवायचं."

"आत्या!" गाउनू किंचाळली.

"सांग त्यांना," यर म्हणाली. "गाळायचं नाही."

आणि गाउनूनं, कानापर्यंत लाल होत, डोळे पुशीत, डुकराच्या मांसासकट सगळं सांगितलं.