घरचं बी

इस्पितळाचा माळी रिकामी बादली घेऊन दारात उभा राहिला, त्या सकाळी कळलं की घरातली गांडुळं मेली.

मोटारवाल्यांची बायको जाऊन महिना झाला होता. पाण्याच्या पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार भरून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, त्यामुळे खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. बायको इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथली भाजीची देठं, सालं रोज पोत्याने फेकली जात, म्हणून तिने साहेबांच्या मागे लागून तिथल्याच मागच्या अंगणात विटांच्या चार टाक्या बांधून घेतल्या आणि त्यांत गांडुळं सोडली. ती गांडुळं मूळची घरची. गॅलरीतल्या दोन प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ती वाढवायची. मध्यंतरी सांडपाण्याचा पाइप टाकायला टाक्या फोडल्या आणि कंत्राटदाराच्या माणसांनी माती गांडुळांसकट ट्रकमध्ये भरून नेली. आता टाक्या पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

"काका, गांडुळांचं बी न्यायला आलो," माळी म्हणाला. "ताई म्हणायच्या ना, इस्पितळातलं गेलं तरी घरचं बी आहे."

"आहे की. ये."

असं म्हणून ते गॅलरीकडे निघाले. मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, बहिणीचं कपाट आवरायला आली होती. तीही मागून आली. पहिल्या क्रेटच्या झाकणावर एका जुन्या मोटारीचं बिडाचं कवच ठेवलेलं होतं. मोटारवाल्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं आणि माळ्याने झाकण काढलं.

मेहुणीने नाक धरलं. आत भाताचा आंबलेला लगदा होता, त्यावर तेलाचा तवंग, पिळलेली लिंबं, पावाचे तुकडे आणि वरून पांढरी बुरशी. माळ्याने बाही वर केली आणि मनगटापर्यंत हात घातला. चारही कोपरे चाचपले. मग दुसरा क्रेट. मग हात बाहेर काढून तसाच धरून उभा राहिला.

"एकसुद्धा नाही हो काका."

"मेलेली तरी दिसतील ना?" मेहुणीने विचारलं.

"नाही दिसत. अंगात हाड नाही, काही नाही. मेलं की दोन दिवसांत विरघळून जातं." त्याने लिंबाची एक फोड उचलली. "पण यात शिजलेलं कुणी टाकलं? तेल, मीठ, लिंबं! आणि वर झाकण गच्च. गुदमरली असणार बिचारी."

मोटारवाल्यांनी बोलायला तोंड उघडलं. त्याआधी मेहुणीच बोलली.

"दुसरं कोण टाकणार? भांडीवाली. खरकटं घेऊन तीन जिने उतरायचा कंटाळा. दिसला डबा की ओत. हो ना भाऊजी?"

मोटारवाल्यांनी झाकण परत क्रेटवर ठेवलं.

"असेल," ते म्हणाले.

एवढा एकच शब्द. माळी रिकामी बादली घेऊन परत गेला.

टाकलं होतं मोटारवाल्यांनी. आणि चुकून टाकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. बायकोने इस्पितळाच्या खाटेवरून त्यांना सगळं नीट सांगितलं होतं. दिवसाआड मूठभर, बारीक चिरून. शिजलेलं नाही, लिंबू नाही. ओल कशी, तर पिळलेल्या फडक्याइतकी. झाकणाला फट हवी. त्यांनी मान डोलावली होती. शेवटच्या पंधरा दिवसांत ते रोज भेटायला जात आणि ती रोज पहिला प्रश्न तोच विचारी, "अहो, गांडुळांवर पाणी शिंपडलंत का?"

एक दिवस ते चिडले. "मी जेवलो का, ते विचार की कधी."

ती हसली. "तुम्हाला तोंड आहे. भूक लागली की घर डोक्यावर घ्याल. त्या मुक्या जिवांना कोण आहे?"

त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. दोन दिवस झोपून होती, तिसऱ्या दिवशी गेली.

मग लोकांनी डबे आणून दिले. खाणारं तोंड एक आणि अन्न दहा जणांचं. त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. एका दुपारी ते एक भरलेला डबा घेऊन गॅलरीत गेले, क्रेटचं झाकण काढलं आणि सगळा डबा उपडा केला. "घ्या," ते म्हणाले. "तुमचीच काळजी होती ना तिला? खा एकदाचं पोटभर!" दुसऱ्या दिवशीही तेच, दुसऱ्या क्रेटमध्ये. असे अकरा दिवस. चिलटं झाली, भेटायला येणारे नाक मुरडायला लागले, तेव्हा झाकणं दाबून बसवली आणि एकावर ते बिडाचं कवच ठेवलं. तिचं सांगणं ते विसरले नव्हते. एकेक गोष्ट आठवत होती, आणि नेमकी तिच्या उलटी ते करत होते.

अकरा वाजता भांडीवाली आली. मेहुणीने तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

"माझ्या बहिणीने इतकी वर्षं जिवापाड जपलं, ते तू महिन्यात मातीमोल केलंस! लाज नाही वाटत?"

भांडीवालीने आधी क्रेटकडे बघितलं, मग मोटारवाल्यांकडे. मोटारवाले टेबलाच्या खणात पक्कड शोधत होते. पक्कड त्यांच्या हातातच होती.

"उद्यापासून दुसरी बघा," भांडीवाली म्हणाली आणि जिना उतरली.

मेहुणी दोन दिवसांनी आपल्या घरी गेली, पण जाताना जिन्यात जी भेटेल तिला हे सांगत गेली. खालच्या मजल्यावरच्या दोन घरांनी भांडीवालीला काम सोडायला सांगितलं. उगाच विषाची परीक्षा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मोटारवाले नऊ दिवस स्वतःची भांडी स्वतः घासत होते. दहाव्या दिवशी ते तिच्या घरी गेले.

बेकरीच्या मागे, लोखंडी जिन्यावरची एक खोली. भांडीवाली दाराशी बसून कोबीची देठं चिरत होती.

"या दादा. बसा. चहा विचारत नाही, दूध संपलंय."

तिच्या शेजारी रंगाचा जुना डबा होता, बाजूने भोकं पाडलेला, वर ओलं गोणपाट. मोटारवाले त्याच्याकडे बघत राहिले.

"ताईंनी दिली होती मूठभर," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. माझ्याकडे कुठलं खरकटं? पण देठं तर असतात."

"बाई, ते क्रेटमधलं..."

"डबे मी घासलेत दादा. अकरा डबे. डब्यात शीत नाही आणि तुमची पँट कमरेला राहत नाही. मग गेलं कुठं ते? एवढं मला कळत नाही होय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलायचं?" तिची सुरी थांबली. "तुम्ही समोर उभे होतात."

मोटारवाल्यांनी मान खाली घातली. "मी टाकलं. मुद्दाम टाकलं."

"मुद्दाम?"

"शेवटपर्यंत त्यांचीच चौकशी केली तिने. माझी नाही."

भांडीवाली फिसकन हसली. "अगं बाई! सवतीमत्सर केलात, तोही गांडुळांशी?" मग तिचं हसू ओसरलं. तिने चिरलेली देठं गोणपाटाखाली सरकवली.

"माझं चुकलं," मोटारवाले म्हणाले. "माफ करा."

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांनी मला दारात उभं करून बोल लावले, त्यांना सांगा. खालच्या दोन घरांना सांगा. माझी दोन कामं गेली, दादा."

"सांगतो. कामावर याल का परत?"

"आधी सांगा. मग बघू."

ते निघाले तेव्हा ती मागून म्हणाली, "आणि त्या माळ्याला पाठवा माझ्याकडे. अर्धा डबा देते. तुमच्या हातात नाही देणार."

ते बरोबरच होतं.

माळी दुसऱ्याच दिवशी जाऊन गांडुळं घेऊन आला. इस्पितळातली एक टाकी सुरू झाली आहे, उरलेल्या तीन भरायला वर्ष जाईल असं तो म्हणतो. त्याला मोटारवाल्यांनी खरं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या काका," आणि नंतर बराच वेळ पाण्याची नळी धूत बसला. खालच्या एका घरात जाऊन सांगितलं, पण त्यांनी तोवर दुसरी बाई ठेवली होती. दुसऱ्या घरात सांगितलं तेव्हा त्या घरची सून म्हणाली, "तुम्ही मोठ्या मनाने तिची चूक आपल्या अंगावर घेताय." त्यावर मोटारवाले दोनदा 'नाही' म्हणाले. तिला ते खरं वाटलं नाही. पण तिने भांडीवालीला परत बोलावलं.

मेहुणी दर बुधवारी फोन करते. जेवण, औषध, दोन्ही विचारते. शेवटी विचारते, "भाऊजी, चांगली बाई मिळाली का हो? पहिलीसारखी नको."

मोटारवाले म्हणतात, "बघतोय."

असे पाच बुधवार झाले. मेहुणीला त्यांनी अजून सांगितलेलं नाही.