आण्णांनी मला काचेवरून उपटलं

मित्रांनो, मी एक जुना फास्टॅग आहे, आणि सध्या माझे दोन तुकडे आहेत. कसे झाले, ते आठवलं की आजही धस्स होतं.

शाहूपुरीतल्या कृष्णातची भाड्याची मोटार हे माझं घर. पाच वर्षं मी तिच्या काचेवर चिकटून होतो. नाका आला की माझ्यावरून टोल कापला जायचा, दांडा वर व्हायचा, गाडी सुसाट! कृष्णात गिऱ्हाइकांना माझं कौतुक सांगायचा. मला वाटायचं, आपलं सगळं आयुष्य असंच जाणार.

मे महिन्यात शिवाजी पेठेतले आण्णा आमची मोटार भाड्यानं घेऊन सहकुटुंब गोकर्णला निघाले. गाडी चालवायला मुलगा धैर्यशील, मागे आण्णांची बायको धोंडुबाई. आण्णा म्हणजे शहरातला टोल घालवणाऱ्या मोर्चात चपला झिजवलेला गडी. टोल म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. धैर्यशील पेट्रोलचे पैसे द्यायला उतरला आणि आण्णांची नजर माझ्यावर गेली.

अहो, काय झालं ते कळायच्या आत त्यांनी मला नखानं उचकटून टर्रकन फाडलं! पहिल्या नाक्यावरच्या माणसाच्या तोंडावर फेकायला म्हणून खिशात कोंबलं. मी सुन्न झालो. पाच वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस?

बेळगावच्या वाटेवर नाका आला. दांडा हलेना. मागे हॉर्नचा कल्ला. आतला माणूस म्हणाला, टॅग नाही, दुप्पट रोख द्या. धैर्यशीलनं काचेकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. तेवढ्यात आण्णांनी माझे तुकडे बाहेर काढले.

"आण्णा, गाडी भाड्याची हाय की!"

"असू दे. एक रुपाया द्यायचा न्हाय. फिरव गाडी घराकडं."

मी तर हबकलोच. फाडलं मला, आणि सहल मोडायची धोंडुबाईची? बिचारीनं संसाराच्या चाळीस वर्षांत समुद्र पाहिला नव्हता.

तेव्हा मागून धोंडुबाई बोलली.

"तुम्ही मोर्चाला गेलतासा, तवा म्हशी मी बघितल्या. आज शेजारणीवर म्हशी सोपवून मी समुद्र बघाय निघालीया. गाडी फिरवायची असंल तर मला हितंच उतरवा. मी यष्टीनं जातो."

आण्णांच्या हातात मी होतो. त्यांनी मला परत खिशात ठेवलं. ज्या माणसानं जन्मात टोलपुढं मान तुकवली नाही, त्यानं स्वतः नोटा काढून खिडकीत दिल्या आणि तो पुटपुटला, "घ्या पावणं." धैर्यशील तोंडाचा आ करून बघतच राहिला.

परत आल्यावर आण्णांनी कृष्णातसमोर माझे तुकडे ठेवले आणि चूक आपली म्हणून सांगितलं. कृष्णात मला केराच्या टोपलीत टाकणार, तोच धोंडुबाईनं हात पुढे केला.

आता मी तिच्या गोठ्यातल्या खांबावर चिकटपट्टीनं लावलेला आहे. मित्रांनो, रागाच्या भरात काही उपटण्याआधी एवढंच बघा, की त्याच्यावाचून कुणाची वाट अडणार आहे.

खांबाखाली रोज पहाटे कुणीतरी धार काढायला बसतं. हल्ली ते आण्णा असतात.